एका पोर्टचे दोन दावेदार

व्हीएमवेअर वर्कस्टेशनची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये आली. लिनक्सच्या पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात अख्खं विंडोज चालवायचं, ही गोष्ट साध्या पीसीवर शक्य झाली. आतल्या त्या मशीनला हार्ड डिस्क होती, नेटवर्क कार्ड होतं, सीरियल आणि पॅरलल पोर्टही होते. यूएसबी नव्हतं, आणि त्याची उणीव फारशी कोणाला जाणवतही नव्हती. यूएसबीचं पहिलं स्पेसिफिकेशनच जानेवारी १९९६ चं. प्रिंटर अजून पॅरलल पोर्टला लागायचे, मॉडेम सीरियलला, आणि फायली फ्लॉपीवरून हिंडायच्या.

पाच-सहा वर्षांत हा सगळा पसारा एका चपट्या पोर्टवर आला. पेनड्राइव्ह, स्कॅनर, वेबकॅम, सॉफ्टवेअरची हार्डवेअर लॉक. तेव्हापासून व्हर्च्युअल मशीन वापरणारे एकाच गोष्टीशी झगडत आले आहेत: बाहेरच्या मशीनला लावलेली वस्तू आतल्या मशीनच्या हाती कशी द्यायची?

माझ्या मते यातली मूळ अडचण मालकीची आहे. डिस्कचं सोंग आणता येतं. बाहेरच्या मशीनवरची एक मोठी फाइल आतल्याला डिस्क म्हणून दाखवली की झालं. स्कॅनरचं सोंग आणून काय उपयोग? तिथे खरा स्कॅनरच हवा आणि त्याच्याशी आतल्या मशीनमधला ड्रायव्हर थेट बोलायला हवा. पण केबल खोचल्याक्षणी बाहेरची ऑपरेटिंग सिस्टिम आपला ड्रायव्हर लावून ती वस्तू ताब्यात घेते. ती सोडवून आत द्यायची, काम झालं की परत घ्यायची, आणि दोघांनी एकाच वेळी तिला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम जाचक वाटला तरी रास्त आहे. एकाच पेनड्राइव्हवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या परीनं लिहू लागल्या, तर फाइल सिस्टिमचा बट्ट्याबोळ ठरलेला.

वर्कस्टेशनमध्ये यूएसबी आलं ते २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत, तेही १.१ च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. यूएसबी २.० एप्रिल २००० मध्येच जाहीर झालं होतं आणि त्याचा वेग ४८० मेगाबिट होता, पण आतल्या मशीनपर्यंत तो पोचायला २००७ ची सहावी आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात खिडकीत पेनड्राइव्ह घ्यायचा म्हणजे ७०० एमबीच्या फाइलला दहा-बारा मिनिटं सहज जायची. मायक्रोसॉफ्टनं २००३ मध्ये कनेक्टिक्सकडून व्हर्च्युअल पीसी विकत घेतलं. त्याच्या २००७ च्या आवृत्तीतही यूएसबी वस्तू आत देण्याची सोय नव्हती. ती आली विंडोज ७ च्या वेळी, त्याच्या आत एक्सपी चालवणाऱ्या ‘एक्सपी मोड’सोबत.

व्हर्च्युअलबॉक्सची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण फुकटात हे सगळं करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती तेच होतं. जानेवारी २००७ मध्ये इनोटेक कंपनीनं त्याचा सोर्स कोड खुला केला, पण यूएसबीचा भाग बंद आवृत्तीत ठेवला. कंपनी २००८ मध्ये सनकडे गेली, २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. त्या डिसेंबरातल्या ४.० आवृत्तीत यूएसबी १.१ खुल्या भागात आलं आणि २.० वेगळ्या एक्स्टेन्शन पॅकमध्ये गेलं. जुलै २०१५ मध्ये ३.० आलं तेही त्याच पॅकमध्ये. हा पॅक घरगुती वापराला मोफत, ऑफिसातल्या वापराला परवाना हवा. अखेर ऑक्टोबर २०२२ च्या ७.० आवृत्तीत २.० आणि ३.० दोन्ही कंट्रोलर मूळ खुल्या पॅकेजमध्ये आले. पेनड्राइव्ह पूर्ण वेगानं चालवण्यासारख्या मूलभूत गोष्टीला इतकी वर्षं थांबावं लागायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

परवान्याचं जमलं तरी वस्तू आत जाईलच असं नव्हतं. उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत सगळी उपकरणं दिसायची, पण करड्या रंगात. क्लिक केलं तरी काही होत नसे. कारण एवढंच की वापरणाऱ्याचं नाव ‘व्हीबॉक्सयूझर्स’ या ग्रुपमध्ये नसे. नाव घातलं तरी लॉग आउट करून पुन्हा आत आल्याशिवाय तो हक्क लागू होत नाही, आणि नेमकं तिथेच लोक अडकून पडत. दुसरा नेहमीचा घोळ डिजिटल सहीच्या टोकनचा. सीए आणि ई-टेंडर भरणारे कंत्राटदार रोज वापरतात ते. लिनक्सवर स्मार्ट कार्ड सांभाळणारी एक सेवा पाठीमागे चालू असते. टोकन खोचलं की ती त्यावर ताबा सांगते आणि आतल्या विंडोजला उपकरण ‘बिझी’ असल्याचं उत्तर मिळतं. ती सेवा थांबवली की टोकन निमूट आत जातं.

मोबाइलच्या बाबतीत याहून वेगळी गंमत. प्रत्येक यूएसबी उपकरणाची ओळख दोन आकड्यांची असते, व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी; एफटीडीआयच्या प्रसिद्ध यूएसबी-सीरियल चिपची ०४०३:६००१ अशी. या जोडीवर फिल्टर लावला की वस्तू आपोआप आत जाते. पण अँड्रॉइड फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे नवी सिस्टिम भरण्याच्या मोडमध्ये, गेला की एकदा तुटतो आणि वेगळा प्रॉडक्ट आयडी घेऊन परत येतो. फिल्टरला तो अनोळखी, म्हणून फोन बाहेरच्या मशीनकडे जातो आणि आत चाललेलं फ्लॅशिंग अर्ध्यावर थांबतं. प्रॉडक्ट आयडीचा रकाना रिकामा सोडून फक्त व्हेंडर आयडी ठेवला की बहुधा काम होतं.

पडद्यामागे आणखी एक झीज चालू होती. यूएसबीत उपकरण स्वतःहून बोलत नाही, कंट्रोलरनं विचारत राहावं लागतं. १.१ मध्ये दर मिलिसेकंदाला एक फ्रेम. जुन्या कंट्रोलरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मेमरीतलं वेळापत्रक वाचायला पुन्हा पुन्हा जागं व्हायचं. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊससाठी यूएसबी टॅब्लेट जोडलेलं असलं, तर आतलं मशीन रिकामं बसलेलं असूनही प्रोसेसर चालू राही. यूएसबी ३.० सोबत आलेल्या एक्सएचसीआय कंट्रोलरची रचना या कामाला कितीतरी सोयीची आहे आणि त्याच्या नकलेत हा फुकटचा भार बराच उतरतो. वेगाचे आकडे जाहिरातीत गेले. व्हर्च्युअल मशीनवाल्यांना खरा लाभ हा झाला.

जपानच्या नारा इथल्या संस्थेत ताकाहिरो हिरोफुची यांनी वेगळाच रस्ता काढला: यूएसबीची देवाणघेवाण नेटवर्कवरून पाठवायची. यूएसबी/आयपी या नावाचा त्यांचा शोधनिबंध २००५ च्या युसेनिक्स परिषदेत आला. हा कोड २००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या स्टेजिंग भागात गेला आणि २०१४ मध्ये मुख्य भागात. पुढे विंडोजमधल्या डब्ल्यूएसएल २ ला, म्हणजे हायपर-व्हीवर चालणाऱ्या लिनक्सला, यूएसबी वस्तू द्यायची वेळ आली. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुचवलेला उपाय याच प्रोटोकॉलवर उभा होता.

एवढी वर्षं लोक या खटाटोपाच्या मागे का लागले, याचं उत्तर डीटीपीच्या दुकानांत आणि प्रयोगशाळांत मिळतं. यूएसबी लॉक लावल्याशिवाय न उघडणारं जुनं सॉफ्टवेअर, ६४ बिट विंडोजसाठी ड्रायव्हरच न निघालेला स्कॅनर. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण स्कॅनरची काच आणि मोटर ठणठणीत होती. नव्या पीसीवरच्या खिडकीत एक्सपी, त्याचं नेटवर्क बंद, आणि फक्त तेवढी एक वस्तू आत दिलेली. अशा जोडणीनं कितीतरी चांगली यंत्रं भंगारात जाण्यापासून वाचली, आणि मला हे या तंत्राचं सर्वात मोलाचं काम वाटतं.

वस्तू आत जाते तो रस्ता उलटाही वापरता येतो. मार्च २०२४ मध्ये व्हीएमवेअरनं यूएसबी कंट्रोलरच्या नकलेतल्या अशा गंभीर त्रुटी जाहीर केल्या की वर्कस्टेशनमध्ये आतल्या मशीनवर अ‍ॅडमिन हक्क असलेल्याला बाहेरच्या मशीनवर कोड चालवता आला असता. पॅच लावेपर्यंतचा तात्पुरता उपाय होता यूएसबी कंट्रोलर काढून टाकण्याचा. एक्सपीच्या खिडकीतही अशीच सावधगिरी हवी: लॉक आणि स्कॅनर सोडून दुसरं काहीही आत देऊ नये.

ऑडिओ इंटरफेस आणि चांगले कॅमेरे मात्र अजून अडतात. त्यांचा प्रवाह ठरल्या क्षणी पोचावा लागतो, आणि मधल्या सॉफ्टवेअरच्या थरात तो क्षण हुकला की आवाज फुटतो. अशांसाठी एखादंच उपकरण न देता पीसीआय कार्डावरचा पूर्ण यूएसबी कंट्रोलर आतल्या मशीनच्या स्वाधीन करायचा. लिनक्समध्ये २०१२ पासून व्हीएफआयओ या कर्नलमधल्या सोयीमुळे ते नीट जमतं, प्रोसेसर आणि मदरबोर्डला आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांचा मेमरीशी होणारा व्यवहार वेगळा ठेवणारा भाग, मात्र हवा. मग त्या कार्डावरचे पोर्ट, मशीन बंद होईपर्यंत, बाहेरच्या सिस्टिमला दिसतच नाहीत.