चिठ्ठी आली, पण धीर धरा

दिवाळी सरली की आमच्या सुरत जिल्ह्यात बारडोली, मढी, चलथाण, सायण येथील सहकारी साखर कारखान्यांचा हंगाम जवळ येतो. डांगातून, खानदेशातून तोडणीच्या टोळ्या येतात. मग एके दिवशी कारखान्याची चिठ्ठी येते : उद्या तुमची तोड! त्या क्षणापासून आम्हा शेतकऱ्यांच्या घरी काय चालते, ते सर्वांना ठाऊक आहे. मुकादमाला फोन, ट्रकची वाट, ढगांकडे डोळे, मुलांवर खेकसणे आणि उभ्याउभ्या जेवण.

ही घाई अगदीच खोटी नव्हे. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. उशीर होईल तसे वजन घटते, साखरही कमी होते. पण उसाचे हे घड्याळ कोयता लागल्यावर सुरू होते, चिठ्ठी हाती पडल्यावर नव्हे! ते आधीच सुरू होते ते आमच्या छातीत.

गडबडीत कोयता जमिनीच्या चार बोटे वर चालतो. उसाचा बुडखा सर्वांत गोड. तोच शेतात राहतो. वर खोडव्याचे फुटवेही कमजोर येतात. म्हणजे आज वाचवलेली घटका पुढच्या वर्षी व्याजासकट फेडावी लागते.

शरीराचेही तसेच आहे. मन घाबरे झाले की अ‍ॅड्रिनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, नजर एकाच गोष्टीवर खिळते. मग शेजाऱ्याचा पाय कोयत्याच्या टप्प्यात आहे, हे ध्यानात येत नाही.

म्हणून कोयता उचलण्यापूर्वी किंवा ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकून उभे राहा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडा. असे दहा वेळा करा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. यात दोन मिनिटेही जात नाहीत. मात्र छातीत दुखत असेल, तर श्वास मोजत न बसता तत्काळ डॉक्टर गाठावा.

मग कामाचे दोन वाटे करा : आजच व्हायला हवे ते आणि उद्या चालेल ते. ट्रकमध्ये मावेल तेवढाच ऊस तोडा. काही राहिलाच, तर मोळ्या पाचटाने झाकून वर पाणी शिंपडा. पाचट पसरणे, खोडव्याला खत देणे ही कामे उद्याची.

आणखी एक गोष्ट. टोळीला मजुरी टनावर मिळते. ती माणसे पहाटे उठून तोडतात, रात्री-अपरात्री ट्रक भरतात. त्यांची घाई आमच्याहून मोठी आहे. आमचीही तिच्यावर लादू नये. त्यांना प्यायला पाणी द्यावे, बसून जेवू द्यावे आणि आम्हीही त्यांच्यासोबत चार घास बसूनच खावेत.