तोंडातला खडा

पहाटे ४.३०
माझ्या कपाटात सात मोबाइल आहेत. सगळे बंद करून, ज्याच्या त्याच्या पाकिटात घालून ठेवलेले. तरी त्यातला एक रोज साडेचारला कोंबड्यासारखा आरवतो. काही फोनचा गजर ते बंद असले तरी वाजतो, हे मला या वर्षी कळलं. कुणाचा आहे ते शोधलं नाही. मला उठायचंच असतं.

लोणावळ्याच्या बाजूला आमचं तपसाधनेचं घर आहे. आठ दिवसांच्या मौनाचा आज पाचवा दिवस. साधक सात : तीन धर्मभगिनी, एक धर्मगुरू, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वसईकडच्या एक शिक्षिका आणि हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण. आपसांत ते अवाक्षर बोलत नाहीत. दिवसातून एकदा, अर्धा तास, फक्त माझ्याशी बोलतात. म्हणजे या घरातले बहुतेक शब्द माझ्याच वाट्याला येतात. माझं काम ते ऐकून घेण्याचं. ऐकवण्याचं नव्हे, हे मात्र मला रोज नव्याने शिकावं लागतं.

५.००
आधी माझी स्वतःची प्रार्थना. आमची ही साधना ज्यांनी घडवली, त्या संत इग्नेशियस यांची एक सूचना मला फार आवडते : बसायच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे, ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणायला लागेल एवढा वेळ नुसतं उभं राहायचं आणि देव आपल्याकडे बघतो आहे हे लक्षात घ्यायचं. मग बसायचं. दारात चपला काढून थेट आत घुसणाऱ्या माझ्यासारख्याला ही दोन पावलं सगळ्यांत अवघड जातात. पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू अंधार असतानाच उठून एकांतात जातो, आणि थोड्याच वेळात शिष्य त्याला शोधत येतात. त्या शिष्यांची बाजू मला कळते. लोक वाट बघत असताना हा गेला कुठे?

६.३०
स्वयंपाकघरात मावशींचा चहा उकळतोय. मावशी पलीकडच्या गावच्या, माळकरी. सुरुवातीला त्यांना हा प्रकार कळेना. “फादर, ही माणसं भांडून आलीत का?” असं त्यांनी विचारलं होतं. आता त्या स्वतःच पातेल्याखाली फडकं घालतात, आवाज होऊ नये म्हणून. सात जणांचं मौन या फडक्यावर उभं आहे, हे साधकांना सहसा शेवटच्या दिवशी कळतं.

७.००
मिस्सा. प्रवचन पाच मिनिटांचं, घड्याळ लावून. पॅरिशमध्ये होतो तेव्हा वीस मिनिटं बोलायचो आणि लोक ‘छान झालं’ म्हणायचे. लग्न, बारसं, मयत, सगळीकडे बोलायला मीच. धर्मगुरूचा धंदाच बोलण्याचा, त्यामुळे जिभेला धार येते आणि सवयही लागते.

८.००
न्याहारी. पोहे, केळी, चहा. नवख्यांना जेवणाच्या टेबलावरचं मौन सगळ्यांत जड जातं. मीठ हवं असेल तर उठून घ्यायचं. खाणाखुणा करायच्या नाहीत, कारण खुणांच्याही गप्पा होतात. एकमेकांकडे बघून हसायचीही सक्ती नाही, आणि यात बऱ्याच जणांना मोठी सुटका वाटते. पहिल्या दिवशी माणसं डोळ्यांनी माफी मागत असतात. दुसऱ्या दिवशी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, काहीतरी वाचायला हवं म्हणून. तिसऱ्या दिवशी गाढ झोपतात. चौथ्या-पाचव्या दिवशी चिडतात : गाद्यांवर, डासांवर, शेजारच्या खोलीतल्या खोकल्यावर. आज कुणीतरी पोह्यांतले सगळे शेंगदाणे वेगळे काढून बशीच्या कडेला रांगेत लावलेत. पाचवा दिवस वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे.

९.००
भेटी सुरू. दोन खुर्च्या, थोड्या तिरक्या, म्हणजे समोरच्याला खिडकीतून बाहेर बघता येतं. घड्याळ मला दिसेल असं ठेवलेलं.

ज्या पुस्तकावर हे सगळं उभं आहे, ते वाचायला बसलं तर रुक्ष वाटतं, स्वयंपाकाच्या कृतीसारखं. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या येशूचं आणि संतांचं चरित्र वाचून हा शिपाईगडी आतून बदलला. पुढे १५२२-२३मध्ये मान्रेसा या गावी एकांतात राहून, स्वतःच्या मनात काय काय घडतं ते त्यांनी टिपून ठेवलं. तेव्हा ते धर्मगुरूही नव्हते. त्या टिपणांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक झालं. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची. आमचे आठ दिवस हा तिचा आटवलेला अवतार.

पुस्तकातल्या सुरुवातीच्या सूचना बऱ्याच अंशी माझ्यासारख्यासाठी, म्हणजे मार्गदर्शकासाठी आहेत. ध्यानासाठीचा बायबलचा उतारा थोडक्यात सांग, कारण पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, आतून चव घेतल्याने होतो. साधकाच्या मनात काहीच हालचाल दिसत नसेल तर बारीक चौकशी कर : ठरल्या वेळी बसतो का, कसा बसतो. म्हणून माझे प्रश्न डॉक्टरच्या प्रश्नांसारखे असतात. किती वाजता बसलात? तास पुरा केलात का? प्रार्थना कोरडी असली की माणूस पन्नासाव्या मिनिटाला उठतो. अशा वेळी तासावर थोडं जास्तच बसावं, असा नियम आहे. आणि मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, असाही. पाचव्या दिवशी ‘घरी जाऊ का?’ असं विचारणाऱ्याला मी हा दुसरा नियम सांगतो.

पंधरावी सूचना मात्र पूर्णपणे माझ्यासाठी आहे. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, इकडे-तिकडे झुकू नये. निर्माता आणि त्याचं लेकरू यांना थेट एकमेकांशी व्यवहार करू द्यावा.

१०.४०
काटा झुकला.

कुणाशी बोलत होतो आणि काय, ते सांगता येणार नाही. सांगता येण्यासारखं एवढंच : समोरची व्यक्ती बोलता बोलता एका वाक्यावर थांबली. नजर खिडकीबाहेर. मी चार-पाच सेकंद धीर धरला. मग बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली : डोंगरावर वादळ आलं, त्यात देव नव्हता, भूकंप झाला, आग आली, त्यांतही नव्हता, आणि शेवटी आला तो अगदी बारीक आवाज. मूळ हिब्रूत तो आवाज शांततेचाच आहे, हेही सांगितलं. मला वाटतं, मी फार सुंदर सांगितलं.

समोरून आलं, “थँक्यू, फादर.”

हे दोन शब्द आले की समजावं, प्रवचन झालं. ते अर्धवट वाक्य पुढे गेलं नाही. शांततेचा महिमा सांगता सांगता मी माणसाची शांतता मोडली होती.

१२.३०
जेवण. आमटी, भात, दुधीची भाजी, तळलेले बांगडे. शांततेत काटे काढत जेवायला अर्धा तास जास्त लागतो, आणि मासा कधी नव्हे इतका चविष्ट लागतो. मग सगळं घर झोपतं. मीही.

३.००
उरलेल्या भेटी. या वेळी टेबलाखाली माझा अंगठा मुठीत घट्ट धरून बसलो. मी बोललो नाही तर माणसं आपणहून बोलतात, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. आज दुपारी पुन्हा कळलं.

४.३०
चहा आणि कार्यालयातला फोन. पुढच्या शिबिराची चौकशी करणारे बहुतेक जण एकच विचारतात, “फादर, हे इगतपुरीच्या विपश्यनेसारखंच ना?” मी सांगतो, मौन सारखंच, फोन काढून घेणंही सारखंच. फरक हा की इथलं मौन कुणाशी तरी बोलण्यासाठी आहे. प्रार्थनेच्या शेवटी येशूशी बोलायचं, मित्र मित्राशी बोलतो तसं. कधी सल्ला मागायचा, कधी तक्रारही करायची. जगाशी बोलणं थांबवायचं ते त्या गप्पांना जागा व्हावी म्हणून. पलीकडून विचारतात, “आणि तो बोलला नाही तर?” मी म्हणतो, आठ दिवस या आणि बघा.

५.३०
शनिवार. भुशी धरणाकडून परतणाऱ्या गाड्या, भोंगे, भिजलेल्या पोरांच्या आरोळ्या, कुठल्या तरी गाडीतला ढोल. फेरी मारणारे माझे साधक कपाळाला आठ्या घालून चाललेत. फादर अँथनी डिमेलो याच लोणावळ्यात ‘साधना’ नावाची संस्था चालवायचे; त्याच नावाचं त्यांचं पुस्तक १९७८चं. ते अशा वेळी सांगत : आवाजाला हाकलू नका, नाव देऊ नका, नुसता ऐका. मी फाटकापाशी उभा राहून ढोल ऐकला. पाच मिनिटांनी ढोल ढोलच होता, पण माझ्याशी त्याचं भांडण उरलं नव्हतं.

६.३०
चॅपलमध्ये तासभर पवित्र साक्रामेंताची आराधना. वेदीवर परमप्रसाद, दोन मेणबत्त्या, सात पाठमोरी माणसं. पाठीही बोलतात. पहिल्या दिवशी ताठ असतात, जणू परीक्षेला बसल्यात. आज दोन खांदे खाली आलेत.

८.३०
रात्रीचं जेवण आवरलं. आता दिवसाची तपासणी, पाच पायऱ्यांची : आभार मानायचे, प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने उलटून बघायचा, क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. किराणा दुकानदार रोजमेळ लिहितो तितक्या शांतपणे. आभारांच्या खात्यात मावशींचं फडकं लिहिलं. दहा चाळीस आलं, तिथे थांबलो.

इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या अब्बा अगाथॉन यांच्याबद्दल सांगतात की गप्प बसायला शिकण्यासाठी त्यांनी तीन वर्षं तोंडात खडा धरला होता. ऐन तारुण्यात हे वाचलं तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्या काळी त्यांच्याकडे सल्ला विचारायला येणारी माणसं फार असणार, आणि त्यांच्याकडे द्यायला छान छान गोष्टीही.

उद्यासाठी काय? क्षमा मागायला त्या व्यक्तीला गाठावं, असं मनात आलं. पण तेही बोलणंच. उद्याच्या भेटीसाठी एक उतारा निवडला, चिठ्ठीवर फक्त अध्याय आणि ओवी लिहून ती त्या व्यक्तीच्या दाराखालून सरकवली. खाली एक ओळ स्पष्टीकरणाची लिहिली होती; ती पट्टी फाडून टाकली.

रात्री १२.१०
पाऊस थांबल्यामुळे जाग आली. चॅपलचं दार करकरलं. आठ दिवसांच्या साधनेत मध्यरात्रीची प्रार्थना सक्तीची नाही. कुणी आपणहून गेलं तरच. टॉर्च घेऊन गेलो, साप-विंचवाचे दिवस आहेत. दाराबाहेर एक चपलांचा जोड, ओला. कुणाचा ते ओळखलं. सकाळी अर्धवट राहिलेल्या वाक्याचा.

दार अर्धं उघडं होतं. आत अंधार, कोपऱ्यात तेवढा लाल दिवा. हुंदका होता की हसू, की नुसताच श्वास, कळलं नाही. पाय उंबरठ्याकडे वळला होता. तोंडात एक चांगलं वाक्यही तयार होतं.

टॉर्च विझवला. पुन्हा पाऊस आला तर त्या चपला आणखी भिजू नयेत म्हणून वळचणीला सरकवल्या, आणि दोन पावलं मागे येऊन, ‘हे आमच्या बापा’ म्हणायला लागतो तेवढा वेळ, तिथेच उभा राहिलो.