नियम, युक्ती आणि फडावरची धाप

श्रोतेहो, आधी एक खुलासा करतो. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, तेव्हा व्याख्यानानंतर कुणी औषध विचारू नये. पण नियम आणि प्रत्यक्ष यांचं नातं हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. आपल्या बीड जिल्ह्यात छातीच्या जुनाट आजाराच्या बाबतीत तो फार उघडपणे समोर येतो, म्हणून आज तो घेतला आहे.

आजाराचं नाव सीओपीडी. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. खोकला, बेडका, चार पावलं चाललं की धाप. आपल्याकडे याला सरसकट 'दमा' म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. 'गोल्ड' नावाच्या जागतिक गटाने २००१ साली या आजारावर पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पुढे ती सुधारत नेली. त्यांचा गाभा असा: निदान स्पायरोमेट्रीनेच करा. म्हणजे रुग्णाने नळीत जोराने फुंकायचं. नळ्या रुंदावणारं औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडी. मग दीर्घकाळ टिकणारं, नळ्या रुंदावणारं औषध पंपातून. स्टेरॉइडचा पंप सगळ्यांना नाही. आजार वारंवार उसळतो आणि रक्तात इओसिनोफिल पेशी जास्त आहेत, अशांना तो मुख्यतः द्यायचा. आणि दर भेटीत रुग्णाला पंप ओढून दाखवायला सांगायचं.

प्रत्यक्षात काय होतं? धाप लागली की सुई, नाहीतर सलाईन. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा सुई. पंप नको, कारण 'त्याची सवय लागते'. पंपात घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत. स्पायरोमेट्री तर बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण आष्टीच्या माणसाला ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

फुंकण्याची एक तपासणी राहिली तर एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. खऱ्या दम्यात स्टेरॉइडचा पंप हाच उपचाराचा पाया; तो वगळून नुसतं दीर्घकाळाचं नळ्या रुंदावणारं औषध देणं धोक्याचं. सीओपीडीत मात्र विनाकारण दिलेलं तेच स्टेरॉइड न्यूमोनियाची शक्यता वाढवतं. आणि वारंवार पोटातून किंवा सुईने गेलेलं स्टेरॉइड साखर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं. एका आजाराचा नियम दुसऱ्याला लावला, तर नियम पाळूनही अपाय होतो.

आता दुसरी बाजू पाहू. नियम कुणाला पाहून बनला? या औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत प्रवेशाची अटच असे, की रुग्ण वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारा हवा. आणि डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं. आपल्या धारूर-पाटोद्याची बाई डोळ्यांसमोर आणा. जन्मभर चुलीपुढे बसलेली. दिवाळीच्या सुमाराला कोयत्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते, पाच-सहा महिने कोपीत राहते, मिळेल त्या काटक्या-पाचटावर भाकरी भाजते. विडी तिने ओढलेली नाही. त्या चाचण्यांत ती नव्हती. शिवाय 'तीन महिन्यांनी दाखवायला या' हे वाक्य एका जागी राहणाऱ्या माणसासाठी आहे. तीन महिन्यांनी ती फडावर असते. तिथे एक दिवस खाडा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची राहते.

मग नियम बाजूला ठेवायचा का? इथे चरक उपयोगी पडतो. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तो परीक्षेचे चार मार्ग सांगतो: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे आजचा आप्तोपदेश. स्पायरोमेट्री हे प्रत्यक्ष. युक्ती म्हणजे अनेक कारणं एकत्र येऊन काय घडेल ते ओळखणं. चरकाचा दाखला शेतीचाच आहे, पाणी, नांगरट, बी आणि ऋतू जुळले की पीक येतं.

आमचं म्हणणं असं, की नियम मोडणं दोन प्रकारचं असतं. एक डॉक्टर नियम जाणतो, फुंकून पाहतो, आणि 'ही बाई पुढच्या आठवड्यात ऊसतोडीला निघाली आहे' हे ओळखून तिला हंगामभराचे पंप एकदमच देतो. दुसरा फुंकूनच पाहत नाही आणि सुई टोचतो. चिठ्ठ्या तपासून टक्केवारी काढणाऱ्याला दोन्ही 'नियमबाह्य' दिसतील. पहिल्याला विचारलं तर तो कारण सांगेल, दुसऱ्याकडे सांगायला काही नसतं. आणि आपल्याकडे दुसऱ्याचीच चलती आहे, हे कटू असलं तरी बोललं पाहिजे. प्रत्यक्षच नसेल तर युक्ती कशावर चालवणार?

करण्यासारखं बरंच आहे. टोळ्या निघण्याआधी गावातल्या उपकेंद्रात फुंकण्याची तपासणी, आकडा लिहिलेलं कार्ड बाईच्या पिशवीत, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ते कार्ड वाचणारा माणूस. यातलं कोणतं काम आधी जमेल, हे इथे बसलेल्या आशाताई आणि डॉक्टर आमच्यापेक्षा नीट सांगतील. प्रश्न घेऊ या, पहिला त्यांचा.