प्रतिकृती स्पर्धा : आपला कौशल्य-वर्ग कसा निवडावा?

संकल्पना
प्रमाणबद्ध प्रतिकृतींच्या स्पर्धेची प्रवेशिका भरताना दोन प्रश्न असतात. प्रतिकृती कशाची, हा विषय-वर्ग : विमान, रणगाडा, जहाज इत्यादी. ती करणाऱ्याची तयारी किती, हा कौशल्य-वर्ग : प्राथमिक, मध्यम, प्रगत. पहिला संचाच्या खोक्यावरून कळतो. दुसरा तुम्हालाच ठरवावा लागतो.

उदाहरण
समजा, चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातील लॉयोला महाविद्यालयाच्या एका विद्यार्थ्याने टी-९० ‘भीष्म’ रणगाड्याची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती केली. हा रणगाडा चेन्नईजवळच आवडी येथील अवजड वाहन कारखान्यात बनतो. त्याचा सांगाडा सुमारे ६.९ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे २० सेंटिमीटर. आता सांध्यात १ मिलिमीटरची फट राहिली, तर ती खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरची भेग ठरते! म्हणून परीक्षक आधी मूलभूत काम पाहतात. वेगळे विकत घेतलेले धातूचे भाग लावल्याने वर्ग वरचा होत नाही.

स्वतःला विचारा
१. सांधे भरून, घासून दिसेनासे झाले आहेत का?
२. चाके एका रेषेत आणि सगळी जमिनीला टेकलेली आहेत का?
३. रंगात ओघळ, धूळ किंवा बोटांचे ठसे आहेत का?
४. डिकलखाली हवा अडकून चकाकते का?
५. हे सारे मागच्या दोन-तीन प्रतिकृतींतही जमले होते का?

पहिल्या चारांत दोष असतील, तर प्राथमिक वर्ग योग्य. एकदाच जमले असेल, तर मध्यम. दर वेळी जमत असेल आणि भाग स्वतः घडवता येत असतील, तर प्रगत.

परीक्षणाची पद्धत
क्रमांक पद्धतीत पहिले तीनच बक्षीसपात्र असतात. तेथे अनुभवी व्यक्ती खालच्या वर्गात उतरली, तर नवशिक्याची जागा जाते. खुल्या पद्धतीत प्रत्येक काम ठरलेल्या मानकाशी ताडतात, त्यामुळे अनेकांना सुवर्ण मिळू शकते. तेथे खालचा वर्ग घेतल्यास नुकसान तुमचेच : पदक मिळते, पण पुढे काय सुधारायचे ते कळत नाही. स्पर्धेचे नियम आधी वाचा. पूर्वीच्या पदकांमुळे वरचा वर्ग सक्तीचा असू शकतो.

स्वाध्याय
तुमची शेवटची प्रतिकृती दिव्याखाली तिरक्या उजेडात पाहा. दिसलेले दोष लिहून काढा, मग वर्ग ठरवा.