बिनमैदानाच्या मुली: इमॅक्युलाटाचा १९७१-७२ चा सीझन

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा नावाचं एक छोटं कॅथलिक कॉलेज आहे. त्या काळी ते फक्त मुलींचं होतं आणि आय.एच.एम. सिस्टर्स ते चालवत. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची पहिली खरीखुरी राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९७२ मध्ये याच कॉलेजने जिंकली. नशीब असं म्हणून हे सोडून देता येतं. पण नीट बघितलं तर त्या एका सीझनमध्ये मुलींच्या खेळाचा अख्खा इतिहास वळण घेताना दिसतो.

आधी नियमांचं बघू. बास्केटबॉल १८९१ साली जेम्स नेस्मिथने शोधला आणि लगेच मुलीही तो खेळू लागल्या. पण मुलींना धावपळ झेपणार नाही, शिवाय ती शोभतही नाही, असा त्या काळचा समज. म्हणून त्यांच्यासाठी वेगळे नियम केले गेले. हे नियम थोडेथोडे बदलत गेले, तरी साठीच्या दशकाच्या अखेरीसही टीममध्ये सहा मुली असत आणि त्यातल्या चौघींना कोर्टाचा अर्धा भाग ओलांडायची परवानगी नव्हती. दोघींनीच काय ते सगळीकडे पळायचं! १९७१-७२ च्या सीझनपासून हे बदललं. पाच जणी, पूर्ण कोर्ट, आणि तीस सेकंदांत बास्केटवर बॉल टाकायची सक्ती. म्हणजे आता दमसास, वेग आणि डावपेच या तिन्हींना किंमत आली.

इमॅक्युलाटाकडे या नव्या खेळासाठी काय होतं? जिम तर नव्हतंच, ते १९६७ मध्ये आगीत जळून गेलं होतं. प्रॅक्टिस व्हायची ती शेजारी नॉव्हिस सिस्टरांच्या जिममध्ये. स्वतःच्या कोर्टावर मॅच ठेवायचा प्रश्नच नव्हता, दरवेळी दुसऱ्याच्या दारी जायचं. युनिफॉर्म म्हणजे प्लीट्स घातलेला लोकरी ट्यूनिक. त्यात पळून बघा म्हणजे कळेल! स्कॉलरशिप शून्य.

मात्र कोच होती कॅथी रश. १९७० मध्ये ती आली तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि पगार होता वर्षाला साडेचारशे डॉलर. तिचा नवरा एन.बी.ए.मध्ये रेफरी, त्यामुळे पुरुषांचा वेगवान खेळ तिने जवळून पाहिलेला. तोच खेळ तिने मुलींना शिकवला. मुलींना जरा हळूच घ्यावं, असं तिला वाटत नव्हतं. टीममधली सगळ्यात उंच आणि भारी खेळाडू टेरेसा शँक. तिच्या घराला आग लागली म्हणून दूरच्या कॉलेजात न जाता ती घराजवळच्या इमॅक्युलाटात आली होती. एका आगीने जिम नेलं, दुसरीने सेंटर दिली म्हणायचं.

सीझनभर टीम जिंकत राहिली आणि विभागीय फायनलमध्ये दणकून आपटली. शेजारच्या वेस्ट चेस्टर कॉलेजने त्यांना ७०-३८ ने हरवलं. बत्तीस पॉइंट्सनी! तरीही राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली. सोळा टीम्समध्ये नंबर होता पंधरावा.

स्पर्धा इलिनॉय राज्यात, मार्च १९७२ मध्ये. जायला पैसे नव्हते म्हणून मुलींनी चक्क टूथब्रश विकले. तरी आठच जणींचा खर्च निघाला. विमानात सीट रिकामी राहिली तर मिळेल अशी स्वस्त स्टँडबाय तिकिटं काढली. तीन दिवसांत चार मॅचेस खेळायच्या होत्या. दुसरी दोन पॉइंट्सनी जिंकली, तिसरी तीन पॉइंट्सनी. आणि फायनलला समोर पुन्हा वेस्ट चेस्टर, म्हणजे कॅथी रशचं स्वतःचं जुनं कॉलेज. इमॅक्युलाटा ५२-४८ ने जिंकलं. आठवड्याभरापूर्वीचा बत्तीसचा फरक आठ मुलींनी भरून काढला. पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांचंच होतं. बादल्या वाजवत गलका करणारा त्यांचा प्रेक्षकवर्ग प्रसिद्ध झाला आणि त्यात हॅबिटमधल्या सिस्टर्सही असायच्या.

गोष्ट इथे संपवली तर ती गोड वाटेल, पण ती अर्धीच राहील. त्या फायनलनंतर तीनच महिन्यांनी, जून १९७२ मध्ये, 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. खेळाचा त्यात शब्दही नाही. पण मुलांच्या खेळावर अमाप खर्च करणाऱ्या मोठ्या विद्यापीठांना आता मुलींच्या टीमकडेही बघावं लागलं. १९७३ मध्ये मुलींना खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची बंदीही उठली. चांगल्या खेळाडू साहजिकच पैसा असलेल्या ठिकाणी जाऊ लागल्या. १९७५ आणि १९७६ च्या फायनलमध्ये इमॅक्युलाटा मिसिसिपीच्या डेल्टा स्टेटकडून हरलं. १९७७ मध्ये रशने कोचिंग सोडलं. छोटं कॉलेज पुन्हा कधी त्या शिखरावर गेलं नाही.

मग जिंकलं कोण? मला वाटतं, उत्तर त्या मुलींच्या पुढच्या आयुष्यात आहे. टेरेसा (आता ग्रेंट्झ) कोच झाली आणि १९८२ मध्ये तिच्या रटगर्स विद्यापीठाने त्याच स्पर्धेचं शेवटचं विजेतेपद मिळवलं. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ती अमेरिकेच्या टीमची कोच होती. तिची सहकारी मॅरियान क्रॉफर्ड (नंतर स्टॅनली) हिच्या टीमनेही राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. कॉलेज मागे पडलं, पण तिथे शिकलेला खेळ देशभर गेला.

आपल्याकडे मुलींच्या टीमबद्दल बोलताना 'सोयी नाहीत तरी बघा कशा खेळतात' असं कौतुकाने म्हटलं जातं. इमॅक्युलाटाची गोष्ट त्यासाठी वापरणं सोपं आहे. पण ती नीट वाचली तर उलटंच सांगते. सोयी नसताना एखादी टीम एखाद्या वर्षी जिंकू शकते. दरवर्षी हजारो मुलींनी खेळावं असं वाटत असेल, तर जिम, पैसा आणि कायदा तिन्ही लागतात. कौतुक जरूर करावं, पण कोर्टाची वेळ मुलींनाही द्यावी.