मोजतो उष्णता, सांगतो घर्षण

मोठं प्रवासी विमान एका वेगाने उडत असतं तेव्हा त्याला होणाऱ्या विरोधापैकी सुमारे निम्मा वाटा हवेच्या घर्षणाचा असतो. पण पंखावर एका ठरावीक जागी हे घर्षण किती, ते थेट मोजणं फार अवघड.

मग करतात काय? पृष्ठभागावर धातूचा अगदी पातळ थर बसवतात, तो विजेने तापवतात आणि त्याचं तापमान कायम ठेवायला किती वीज लागते ते बघतात. पृष्ठभागालगत घर्षण जास्त, तर उष्णताही जास्त वाहून जाते.

न्यायदर्शनात याला अनुमान म्हणतात. धूर दिसला, म्हणून अग्नी. पण त्यासाठी व्याप्ती, म्हणजे दोघांचा अढळ संबंध, पक्का हवा. इथे वाहून जाणारी उष्णता घर्षणाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. घर्षण 8 पट झालं, तर उष्णता फक्त 2 पट! उलट बघा, उष्णतेत 1 टक्का चूक झाली की घर्षणात जवळजवळ 3 टक्के.

शिवाय काही उष्णता खालच्या भिंतीतच मुरते, तिचा घर्षणाशी संबंध नाही. म्हणून काही सूक्ष्म संवेदकांत थराखाली निर्वात पोकळी ठेवतात.

मग व्याप्ती तपासायची कशी? लांब, सरळ, बंदिस्त वाहिनीत. तिथे दाब किती उतरला यावरून भिंतीवरचं घर्षण निघतं, उष्णतेला न विचारता. असा स्वतंत्र साक्षीदार हवाच. नाहीतर यंत्र आकडा दाखवतं, पण तो कशाचा, हे आपल्याला सांगता येत नाही.