चेंडू गेला कुठं?

माझे थोरले काका, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, यांनी भिवंडीत तीस वर्षे यंत्रमाग चालवला. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. क्रिकेटचे वेड मात्र गेले नाही. टीव्हीवर समालोचक "काय सुरेख फटका!" म्हणतो, मैदान दुमदुमते आणि तात्या विचारतात, "अगं, चेंडू गेला कुठं?" मी सांगेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असतो. गेल्या वर्षी तर "उगाच तुम्हाला त्रास" म्हणत ते सामन्याच्या वेळी आत जाऊन पडू लागले.

घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधणे माझ्याकडेच आले.

टीव्हीवरचा समालोचक प्रेक्षकाला चित्र दिसते असे गृहीत धरतो. म्हणून तो जुने विक्रम आणि कर्णधाराचे डावपेच यांवर बोलतो. धावसंख्याही पुष्कळदा वाचत नाही, कारण ती पडद्यावर असतेच. आकाशवाणीवर हे चालत नसे. रणजी सामने खेळलेले पुण्याचे बाळ ज. पंडित मराठीतून धावते वर्णन करीत. चेंडू कुठे पडला, कुणीकडे टोलवला, कोणी अडवला, हे रेडिओवर सांगावेच लागते. त्यामुळे रेडिओपुढे डोळस आणि अंध एकाच पंक्तीला बसत.

मग टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावला तर? आम्ही तोही प्रयोग केला. पण उपग्रहावरून येणारे चित्र काही सेकंद मागे असते. रेडिओवर गडी बाद होतो, तेव्हा पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो!

खरा उपाय ध्वनिवर्णनाचा आहे. चित्र तेच, फक्त जशी भाषा निवडता येते, तसे दृश्य सांगणारे वेगळे समालोचन निवडता यावे. २०२४ च्या आयपीएलमध्ये स्टार स्पोर्ट्सने 'इंडिया सायनिंग हँड्स'च्या सहकार्याने सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन असलेले खास प्रक्षेपण सुरू केले. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धेत तर चेंडूचा मार्ग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची माहिती ध्वनीत बदलण्याचा प्रयोग झाला. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमातही ध्वनिवर्णनाचा उल्लेख आहे. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०२३ मध्ये आयपीएलचे समालोचन मराठीतून ऐकू आले. मग प्रत्येक मोठ्या सामन्याचे ध्वनिवर्णनही मराठीतून का असू नये?

मित्रहो, तोवर आपल्या हाती आहे तेवढे करू. मी आता आधी दिशा, मग अंतर आणि शेवटी धावा, या क्रमाने सांगते: "डावीकडे, जमिनीलगत, सीमेच्या अलीकडे अडवला, दोन धावा."

परवा सामना सुरू झाला आणि तात्या आपण होऊन बाहेर येऊन बसले.